सोपी लँग्वेज कोणती? पायथन, जावास्क्रिप्ट, जावा की सी: क्लासची फी भरण्याआधी

बारावी झाली, डिप्लोमा झाला किंवा बी.ए. करता करताच संगणकाचे काही शिकावे असे ठरले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सोपी लँग्वेज कोणती?" हा प्रश्न ग्रुपवर टाकून पाहा. पाच मिनिटांत सात उत्तरे येतात. कंपनीत असलेला दादा जावा सांगतो, कॉलेजचे सर सी सांगतात, यूट्यूब पायथन सांगते आणि क्लासवाला त्याच्याकडे ज्या बॅचमध्ये जागा शिल्लक आहे ती लँग्वेज सांगतो. "सोपी म्हणजे नेमके काय सोपे?" एवढे मात्र कुणी विचारत नाही.

मित्रांनो, हा प्रश्न गमतीचा नाही. ज्या घरात आधी कुणी इंजिनिअर झालेला नाही, तिथला मुलगा किंवा मुलगी पहिल्या महिन्यात अडकली की "हे आपल्या डोक्याचे काम नाही" असा निष्कर्ष काढून मोकळी होते. घरात किंवा शेजारी कुणी सांगणारे नसते की बाळा, इथे तुझे डोके कमी पडलेले नाही, ही भाषाच नवशिक्यासाठी बनवलेली नाही. फी गेलेली असते आणि हिंमतही गेलेली असते. म्हणून आपली आवड बाजूला ठेवून या भाषांची तुलना एकदा नीट करून पाहू.

प्रत्येक भाषा कुणीतरी, कुणासाठी तरी आणि कशासाठी तरी बनवली. सी ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये तयार केली. युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम लिहिण्यासाठी ती हवी होती आणि वापरणारे सगळे तयारीचे लोक होते. मेमरी कुठे आहे, किती आहे, ती कधी मोकळी करायची हे त्यांना कळत होते. त्यामुळे सी तुम्हाला अडवत नाही. तुम्ही चूक करत असाल तरी अडवत नाही.

त्याआधी १९६४ मध्ये डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांनी बेसिक आणली होती. विज्ञानाचे नसलेल्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा हा तिचा उघड हेतू होता. नवशिक्याचा विचार करणाऱ्या भाषांची परंपरा एवढी जुनी आहे. पायथन त्याच वळणाची. गिडो व्हॅन रोसम हे आधी अॅमस्टरडॅममध्ये एबीसी नावाच्या, शिकवण्यासाठी बनवलेल्या भाषेवर काम करत होते. तिथला अनुभव घेऊन त्यांनी पायथन रचली आणि १९९१ मध्ये ती लोकांसमोर आली. जावास्क्रिप्टची कथा वेगळीच. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीसाठी तिची पहिली आवृत्ती दहा दिवसांत लिहिली. वेबपेजवर छोटी-मोठी हालचाल करता यावी आणि एखाद्या बारीक चुकीने सगळे पान बंद पडू नये, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती. त्याच वर्षी सन कंपनीची जावा आली. एकदा लिहिलेला प्रोग्राम कोणत्याही यंत्रावर चालावा, आणि मोठ्या टीमने लिहिला तरी गोंधळ होऊ नये, हा तिचा हेतू.

हे लक्षात ठेवले की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते.

आता एक प्रयोग करू. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब करायचा आहे असे धरा. एका घराचे ५०० रुपये जमा आहेत आणि दुसऱ्याचे २०० यायचे आहेत. पण फॉर्ममध्ये भरलेला २०० हा आकडा संगणकाला बहुतेक वेळा आकडा म्हणून मिळत नाही, मजकूर म्हणून मिळतो. म्हणजे तो दोन, शून्य, शून्य अशी तीन अक्षरे समजतो. आता ५०० हा आकडा आणि "२००" हा मजकूर यांची बेरीज करायला सांगा.

पायथन थांबते. अमुक ओळीत आकडा आणि मजकूर एकत्र करता येत नाही असे सांगते आणि पुढे जात नाही. जावास्क्रिप्ट थांबत नाही. ती ५०० चाही मजकूर करते आणि दोन्ही एकमेकांना चिकटवून "५००२००" देते. म्हणजे सातशेच्या जागी पाच लाख दोनशे! बेरजेऐवजी वजाबाकी सांगितली तर हीच भाषा मजकुराचा आकडा करून ३०० हे बरोबर उत्तर देते, म्हणून नवशिका आणखीच गोंधळतो. पीएचपी बेरीज करून सरळ ७०० देते, कारण तिथे मजकूर जोडण्यासाठी अधिकचे चिन्ह वापरतच नाहीत, त्यासाठी टिंब आहे. जावासुद्धा चिकटवून "५००२००" करते, पण ते उत्तर आकड्याच्या डब्यात ठेवायला गेलात तर प्रोग्राम चालू होण्याआधीच अडवते. आणि सी? सी साठी "२००" हा मजकूर म्हणजे तो मेमरीत जिथे ठेवला आहे तिथला पत्ता. त्यात ५०० मिळवा म्हटल्यावर ती इमानेइतबारे पत्ता ५०० घरे पुढे सरकवते. तिथे काय सापडेल याची जबाबदारी तुमची. नवा कंपायलर इशारा देईलही, पण सहसा अडवणार नाही.

एकच चूक, पाच वागणुकी. माझ्या मते "सोपी" या शब्दाचा खरा अर्थ इथे आहे. तुम्ही चुकल्यावर भाषा तुम्हाला किती लवकर आणि किती स्पष्ट सांगते, ते पाहा. पहिल्या दिवशी "नमस्कार" छापायला किती ओळी लागतात, हे त्यामानाने किरकोळ आहे.

दुसरे उदाहरण घ्या. यादीत दहा नावे आहेत आणि तुम्ही अकरावे मागितले. पायथन आणि जावा दोन्ही थांबून सांगतात की यादी तेवढी मोठी नाही. जावा तर यादीत किती नावे आहेत आणि तुम्ही कितवे मागितले हेही सांगते. जावास्क्रिप्ट "अनडिफाइंड" असे उत्तर देऊन पुढे निघून जाते, आणि चूक तीस ओळी पुढे कुठेतरी वर येते. सी मध्ये यादीनंतर मेमरीत जे काही पडले असेल ते हाती येते. कधी कचरा, कधी प्रोग्राम बंद, आणि कधी सगळे ठीक वाटते. हा शेवटचा प्रकार सर्वात वाईट.

काही जण म्हणतात, सी मध्ये शब्दच किती थोडे! ते खरे आहे. पहिल्या प्रमाणित सी मध्ये फक्त ३२ राखीव शब्द होते आणि आजच्या पायथनमध्ये ३५ आहेत. शब्द मोजून सोपेपणा ठरत असता तर सी जिंकली असती. इंग्रजी कच्चे आहे म्हणून प्रोग्रामिंग जमणार नाही, ही भीतीही याच आकड्यांनी थोडी कमी व्हावी. तीस-पस्तीस शब्द महिनाभरात कुणाचेही पाठ होतात. इंग्रजी खरे आडवे येते ते चुकांचे संदेश वाचताना. म्हणून ज्या भाषेचे संदेश सरळ आणि छोटे, ती मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला सोपी.

यावर संशोधनही झाले आहे. अँड्रियास स्टेफिक आणि सुझाना सीबर्ट यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवशिक्यांना वेगवेगळ्या भाषांत छोटे प्रोग्राम लिहायला दिले. त्यात एक भाषा मुद्दाम अशी होती की तिचे शब्द यदृच्छेने, काहीही अर्थ न बघता निवडलेले होते. पर्ल आणि जावा यांच्या वळणाची मांडणी वापरणारे नवशिके त्या अर्थहीन भाषेच्या तुलनेत फारसे अचूक ठरले नाहीत. पायथन, रुबी आणि क्वोरम वापरणारे मात्र अधिक अचूक ठरले. महिरपी कंस आणि अर्धविराम यांची सवय झालेल्या माणसाला ती मांडणी स्वाभाविक वाटते. नव्याला तसे वाटत नाही, आणि यात नव्याचा दोष नाही.

मग आपल्या कॉलेजांत सुरुवात सी पासून का? कारण अभ्यासक्रम तसा आहे, शिकवणाऱ्यांनी तेच शिकले आहे, आणि संगणक आतून कसा चालतो हे सी इतके उघड दाखवणारी भाषा दुसरी क्वचितच सापडेल. हे शेवटचे कारण योग्य आहे. लिनक्सचा गाभा सी मध्ये आहे आणि आपण सर्रास वापरतो ती पायथनसुद्धा सी मध्येच लिहिलेली आहे. सी ला कमी लेखायचे कारण नाही. पण अनेक ठिकाणी ती अजूनही टर्बो सी च्या निळ्या पडद्यावर शिकवली जाते. हे साधन डॉस काळातले आहे. आजच्या ६४ बिट विंडोजवर ते थेट चालतही नाही, त्यासाठी डॉसबॉक्ससारखी टेकू देणारी व्यवस्था लावावी लागते. तिथे शिकलेला पडदा पुसण्याचा "क्लिअर स्क्रीन" आदेश लिनक्सवरच्या कंपायलरला माहीतच नसतो. मुलगी घरी नव्या लॅपटॉपवर तोच प्रोग्राम चालवते आणि ढीगभर चुका दिसतात. भाषा अवघड, वर साधन कालबाह्य. सी शिकायचीच असेल तर जीसीसी या मोफत कंपायलरवर शिका, आणि शक्यतो दुसरी भाषा म्हणून शिका.

जावाची सुरुवातही अशीच जड होती. एक वाक्य छापायला आधी क्लास, मग पब्लिक, स्टॅटिक, व्हॉइड, मेन अशी रांग. "हे आत्ता कळणार नाही, पाठ करा" असे सांगूनच पहिला तास संपायचा. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या जावा २५ पासून छोट्या प्रोग्रामसाठी ही रांग लागत नाही. वर्गात हा बदल पोहोचायला किती वर्षे लागतील ते मात्र टर्बो सी कडे पाहून ओळखा.

आवडती भाषा आणि सोपी भाषा एकच असते असेही नाही. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळाच्या वार्षिक पाहणीत २०१६ पासून वर्षानुवर्षे पुन्हा वापरावीशी वाटणारी भाषा म्हणून रस्ट पहिली येत राहिली. आणि रस्ट शिकायला अवघड म्हणून प्रसिद्ध! मेमरीतली कोणती गोष्ट कुणाच्या मालकीची हे सिद्ध केल्याशिवाय तिचा कंपायलर प्रोग्राम पुढे जाऊच देत नाही. मग ती आवडते का? कारण तो अडवताना कारण सांगतो, चुकीची जागा दाखवतो आणि पुष्कळदा दुरुस्तीही सुचवतो. कडक पण समजावून सांगणारे मास्तर पुढे आवडू लागतात, तसेच हे. पहिली भाषा म्हणून ती मी कुणाला सुचवणार नाही. पण सुरुवातीचा सोपेपणा आणि पाच वर्षांनंतरचा सोपेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिच्याकडे पाहून कळते.

आता आपल्या कामाचा, आणि तुलनांमध्ये सहसा न येणारा मुद्दा: मराठी मजकूर. आपल्या अभ्यासिकेची पुस्तकयादी, शिष्यवृत्तीच्या अर्जांची नोंद, रक्तदात्यांची यादी, सगळे मराठीत असते. "कांबळे" हे आडनाव घ्या. डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात. पायथन आणि जावास्क्रिप्ट यांना विचारले तर लांबी सहा सांगतील, कारण काना, अनुस्वार आणि मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. सी अक्षरे मोजतच नाही, बाइट मोजते. आज सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ ८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते, म्हणून तिचे उत्तर १८. सी च्या पुस्तकात नावासाठी दहा घरांची जागा ठेवायला सांगतात. रोमन लिपीतले कांबळे त्यात आरामात बसते. मराठीतल्या कांबळेला शेवटच्या खुणेसह १९ घरे लागतात, आणि ते सी अडवणार नाही, शेजारच्या घरांत सांडू देईल.

आकड्यांचेही तसेच. कुणी अर्जात "२००" असे मराठी आकड्यांत लिहिले तर पायथनला आकड्यात रूपांतर करायला सांगा, ती बरोबर दोनशे करते. जावाही करते. जावास्क्रिप्ट "हा आकडाच नाही" म्हणते आणि सी चे जुने फंक्शन गुपचूप शून्य देते. गावाकडच्या अर्जांचा हिशेब ठेवणाऱ्याला हा फरक चांगलाच जाणवेल. (कोडमध्ये थेट आकडे लिहिताना मात्र सगळीकडे इंग्रजीच लिहावे लागतात. या लेखातले मराठी आकडे तसेच्या तसे टाकू नका.) चलांची नावे पायथन, जावास्क्रिप्ट आणि जावा तिन्हींत मराठीत ठेवता येतात. "एकूण", "वर्गणी", "वय" अशी नावे देऊन पहिले काही आठवडे सराव केला तर तर्क पटकन बसतो. कंपनीत ते चालणार नाही, पण शिकताना कुणाची परवानगी लागत नाही.

नावांचा क्रम लावताना जावास्क्रिप्ट बाजी मारते. साधा क्रम लावला तर क्षीरसागर "क" मध्ये जाऊन बसतो आणि "ळ" हे अक्षर "व" च्या आधी येते, कारण संगणकाच्या तक्त्यात त्यांचे स्थान तसे आहे. मराठीच्या नियमांनी क्रम लावण्याची सोय जावास्क्रिप्टला ब्राउझरमध्येच मिळते. पायथनला त्यासाठी वेगळी लायब्ररी बसवावी लागते.

साधन काय आहे हाही प्रश्न आहेच, आणि तो विचारायला लाजू नये. लॅपटॉप नसेल, फक्त मोबाइल असेल, तर जावास्क्रिप्ट सर्वात जवळची. काही बसवावे लागत नाही. साधी फाइल लिहून ब्राउझरमध्ये उघडली की झाले. पायथनसाठीही अँड्रॉइडवर अॅप मिळतात. जुना, दोन-चार जीबी मेमरीचा संगणक असेल तर पायथन किंवा सी त्यावर सुखाने चालते. जावाची मोठमोठी एडिटर त्यावर घालून स्वतःचा छळ करून घेऊ नका. पायथनची स्वतःची एक खोड आहे. ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या मोकळ्या जागेवरून ती अर्थ लावते. पीडीएफ नोट्समधून कोड उचलला की ती जागा बिघडते, अवतरणचिन्हेही वाकडी येतात आणि काहीच चालत नाही. म्हणून कोड हाताने टाइप करा. हात बसतो हा आणखी एक फायदा.

पायथन संथ आहे अशी टीका तुम्ही ऐकाल. सी च्या तुलनेत ती बरीच संथ आहे, हे खरे. पण चारशे नावांच्या यादीत हा फरक तुमच्या लक्षातही येणार नाही.

कोणती निवडायची, यावर माझे मत सांगतो. ज्याला अजून काहीच माहीत नाही आणि हिशेब, याद्या, माहितीचे विश्लेषण करायचे आहे, त्याने पायथन घ्यावी. ज्याला आपल्या संस्थेची वेबसाइट किंवा मोबाइलवर दिसेल असे काही बनवायचे आहे, त्याने जावास्क्रिप्ट घ्यावी, पण "५००२००" चा किस्सा विसरू नये. मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी हेच ध्येय असेल तर जावा शिकावी, कारण बँका आणि विमा कंपन्यांची कितीतरी कामे तिच्यावर चालतात. तीही पायथनचे दोन-तीन महिने झाल्यावर घेतली तर अर्ध्या श्रमात येते. अट, आवर्तन, यादी, फंक्शन या कल्पना एकदा कळल्या की त्या भाषेगणिक फारशा बदलत नाहीत.

आणि एका भाषेचे नाव या स्पर्धेत कुणीच घेत नाही: एसक्यूएल. १९७० च्या दशकात आयबीएममध्ये जन्मलेली ही भाषा माहितीच्या तक्त्यांना प्रश्न विचारण्यासाठी आहे. "या तक्त्यातून अमुक तालुक्यातले अर्ज दाखव, तारखेनुसार लाव" असे जवळपास वाक्यच लिहायचे असते. शिष्यवृत्ती, वसतिगृह, माहितीच्या अधिकारात मिळालेल्या याद्या यांवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना इतर काही न शिकता फक्त हीच शिकली तरी चालेल. एसक्यूलाइट मोफत आहे आणि जुन्या संगणकावरही चालते.

आता काही जण म्हणतील, एआय कोड लिहून देते, मग शिकायचे कशाला? लिहून देते, खरे आहे. पण ती दिलेली बेरीज सातशे देणार की पाच लाख दोनशे, हे वाचून ओळखणारा माणूस लागतोच. त्या दृष्टीने वाचायला सोपी भाषा पूर्वीपेक्षा आज जास्त उपयोगाची आहे.

फीबद्दल शेवटचे. पुण्यात-नागपुरात "शंभर टक्के प्लेसमेंट" असे फलक पाहून हप्त्यावर पैसे भरण्याआधी एक महिना मोफत साहित्यावर काढा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात सी, जावा, पायथन, पीएचपी अशा विषयांचे छोटे धडे आहेत आणि त्यातले बरेच मराठी आवाजात ऐकता येतात. स्वयम् आणि एनपीटीईएलवर पूर्ण अभ्यासक्रम मोफत पाहता येतात, पैसे लागतात ते परीक्षा आणि प्रमाणपत्रासाठी. महिनाभरात वर्गणीच्या यादीची बेरीज करणारा, चुकीचा आकडा आला तर सांगणारा आणि घरनिहाय पावती छापणारा प्रोग्राम तुमच्या हातून झाला, तर क्लासवाल्याला तोच दाखवा आणि विचारा: यापुढचे काय शिकवणार, कोणत्या आवृत्तीवर, आणि फी परत मिळण्याची अट लेखी देणार का?